पहिल्या अंकापेक्षा दहावा अंक

(मंठा, जि. जालना येथे वाचनालयाचे कार्यकर्ते, शिक्षक व महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मंठ्याहून एक लहानसे मासिक निघावे, असा विचार आपल्यापैकी काही तरुणांच्या मनात घोळत आहे. त्यासंबंधी मी काही सांगावे, अशी आपली अपेक्षा आहे. मासिक कसे काढावे याविषयीचे नेहमीचे सल्ले आपण ऐकलेच असतील. भाषा शुद्ध असावी, मुखपृष्ठ आकर्षक असावे, नामवंतांचे लेख मागवावेत, जाहिराती मिळवाव्यात. या सल्ल्यांत चूक काही नाही. परंतु जी मासिके बंद पडली, त्यांच्या चालकांनीही हे सारे केलेले होते. म्हणून ज्या गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत, पण ज्यांवर मासिकाचे जगणे अवलंबून असते, तेवढ्याच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रारंभीच एक कबुली देतो. तरुणपणी आम्ही चौघा मित्रांनी एक मासिक काढले होते. पहिला अंक चौसष्ट पानांचा, दोन रंगांचे मुखपृष्ठ, प्रकाशनाचा मोठा समारंभ. दुसरा अंक बत्तीस पानांवर आला, तिसरा दीड महिना उशिरा निघाला आणि चौथा निघालाच नाही. वर्षाची वर्गणी मात्र आम्ही आधीच घेतली होती. त्यानंतर कितीतरी दिवस एक निवृत्त गुरुजी एस. टी. स्थानकावर भेटत आणि एवढेच विचारीत, "अंक आला का हो?" त्यांनी पैसे कधी परत मागितले नाहीत. मागितले असते तर मनावरचा भार थोडा हलका झाला असता. त्या प्रश्नाने मला एक गोष्ट शिकविली. पहिला अंक ही आपण वाचकाला दिलेली भेट असते. दुसऱ्या अंकापासून मात्र आपण त्याचे देणेकरी असतो.

नावातच असलेला सल्ला

'नियतकालिक' हा आपल्या भाषेतील शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. ज्याचा काळ नियत आहे, ते नियतकालिक. उत्तम मजकूर, सुबक छपाई, मोठा खप यांपैकी कशाचाही उल्लेख या शब्दात नाही. उल्लेख आहे तो ठरलेल्या वेळेचा. अंक महिन्याच्या अमुक बाजाराच्या दिवशी मिळतो, हे एकदा वाचकाच्या मनात बसले की तो आपणहून वाट पाहू लागतो. दोनदा वाट पाहून रिकाम्या हाताने परतलेला वाचक तिसऱ्यांदा फिरकत नाही.

मग हा काळ किती ठेवावा? येथे मराठीतील पहिल्या वृत्तपत्राकडे पाहावे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. हा दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. पण एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. 'दर्पण' आरंभी पाक्षिक होते आणि ४ मे १८३२ पासून ते साप्ताहिक झाले. म्हणजे आधी दोन आठवड्यांचे अंतर ठेवून चार महिने काम झाले आणि मगच अंतर निम्म्यावर आणले गेले. आपण नेमके याच्या उलट करतो. उत्साहाच्या भरात मासिकाची घोषणा करतो, पुढे ते द्वैमासिक होते, मग 'जोडअंक' निघतो आणि शेवटी दिलगिरी. माझी सूचना अशी की, मासिक काढण्याची शक्ती असेल तर त्रैमासिकाने आरंभ करावा. अंतर कमी करणे हा सन्मान असतो, ते वाढविणे ही माघार ठरते.

दुसरी गोष्ट शिदोरीची. लांबच्या प्रवासाला निघणारा माणूस पहिल्या मुक्कामापुरतीच भाकरी बांधून घेत नाही. पहिला अंक छापखान्यात जाईल तेव्हा दुसऱ्या व तिसऱ्या अंकाचा मजकूर पेटीत तयार असला पाहिजे आणि दहा अंकांच्या विषयांची यादी कागदावर असली पाहिजे. ही यादी आज घरी गेल्यावर करून पाहावी. पाचव्या विषयाशी लेखणी अडली, तर निराश होण्याचे कारण नाही. तुमच्याजवळ एका चांगल्या पुस्तिकेचा मजकूर आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती पुस्तिका अवश्य काढावी. मासिकाची घोषणा मात्र करू नये.

तिसरी गोष्ट चौकटीची. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये मुलांसाठी 'बालबोध' हे मासिक सुरू केले आणि तीन दशकांहून अधिक काळ ते चालविले. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय विषयावरील लेख अशी अंकाची ठरलेली मांडणी असे. अशा चौकटीने लेखक जखडला जातो, असे नवशिक्यांना वाटते. अनुभव निराळा आहे. कोऱ्या पानाकडे पाहून "या महिन्यात काय लिहावे?" असा प्रश्न पडतो. "या महिन्यात कोणाचे चरित्र?" या प्रश्नाचे उत्तर त्या मानाने लवकर सापडते.

आकाराविषयीही हेच म्हणता येईल. 'लोकहितवादी' या नावाने गोपाळ हरि देशमुखांनी १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात जी पत्रे लिहिली, ती 'शतपत्रे' म्हणून ओळखली जातात. त्यांची संख्या १०८ आहे. एका पत्रात एक विषय, आणि तोही थोडक्यात. सरकारी नोकरी सांभाळून हे लेखन झाले, ते माप आवाक्यातले ठेवले म्हणूनच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून सात वर्षे 'निबंधमाला' चालविली, तिचे ८४ अंक निघाले. तो बहुतांशी एका लेखणीचा प्रपंच होता. आपल्याला आठ पाने पेलत असतील तर आठच काढावीत. बारावे पान भरण्यासाठी लिहिलेला मजकूर पहिल्या आठ पानांचेही मोल कमी करतो.

वाचक एकच निवडावा

"आमचे मासिक सर्वांसाठी आहे" हे वाक्य बहुतेक पहिल्या संपादकीयात असते. सर्वांसाठी काढलेले मासिक कोणालाच आपले वाटत नाही. अंक सिद्ध करताना डोळ्यांसमोर एकच माणूस ठेवावा. त्याचे वय, त्याचा धंदा, त्याला वाचायला कोणत्या वेळी सवड मिळते, हे सारे ठरवावे.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत असत. छपाई नाही, वर्गणी नाही, खप म्हणाल तर एका वसतिगृहापुरता. पण ते कोणासाठी लिहावयाचे हे गुरुजींना नावानिशी ठाऊक होते. कोणता मुलगा घरच्या आठवणीने उदास आहे, कोणाचे अभ्यासात लक्ष नाही, हे त्यांना दिसत होते. पुढे १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढले आणि १९४८ मध्ये 'साधना' साप्ताहिक. त्या थोर कार्याचा अभ्यास अमळनेरच्या भिंतींच्या आत झालेला होता, हे आपण विसरू नये.

मंठ्याच्या मासिकाचा वाचक कोण असू शकेल? दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील शिकता मुलगा असू शकेल. वर्षाचे पाच-सहा महिने तो गावापासून दूर असतो आणि मागे गावात काय घडले हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. कापूस विकायला आलेला शेतकरी असेल. पुण्या-मुंबईत कारखान्यात लागलेला, पण शेताच्या बांधाची आठवण काढणारा तरुण असेल. किंवा स्वतः वाचता न येणारी, परंतु नातीकडून वाचून घेणारी आजी असेल. हा शेवटचा वाचक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जो मजकूर मोठ्याने वाचल्यावर ऐकणाऱ्याला कळत नाही, तो छापण्यापूर्वी पुन्हा लिहावा.

दुसरा कोणी लिहू शकणार नाही ते लिहावे

मित्रहो, जगाची बातमी आज प्रत्येकाच्या हातातील मोबाइलवर क्षणात येते. मासिकाने तिच्यामागे धावू नये. ती शर्यत आपण आधीच हरलेलो आहोत आणि ती जिंकण्याची गरजही नाही. देशाच्या अर्थकारणावर दिल्लीत व मुंबईत लिहिणारे पुष्कळ आहेत. मंठ्याविषयी लिहिणारे मंठ्यातच भेटणार.

हा भाग लेखनाच्या दृष्टीने किती समृद्ध आहे, ते पाहा. आपल्या घरातील जुने कागद काढून बसा. पणजोबांच्या कागदावर हैदराबाद राज्य दिसेल, आजोबांच्या कागदावर परभणी जिल्हा, आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आल्यानंतरच्या कागदावर जालना. घर जागचे हलले नाही, पण पत्ता बदलत गेला. त्या जुन्या कागदांवर फसली सन असतो. त्यात ढोबळमानाने ५९० मिळविले की इसवी सन येतो. फसली १३५८ म्हणजे १९४८-४९ हे तेथे लिहिलेले नसते. रकमा हाली शिक्क्यात असतात. खासरा पत्रक, सेतवार, पाहणी पत्रक हे शब्द मराठवाड्यातील प्रत्येक शेतकऱ्याच्या कानावरून गेलेले आहेत, पण त्यांचा अर्थ आणि त्यांतील फरक नीट सांगणारा मजकूर त्याला सहजी मिळत नाही. शासनाने २०२३ मध्ये निजामकालीन जुन्या नोंदी तपासण्याचे काम हाती घेतले, तेव्हा मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची केवढी गरज आहे हे सर्वांच्या ध्यानात आले. 'आपल्या घरातील जुना कागद कसा वाचावा' अशी चार पानांची लेखमाला, जाणकाराकडून तपासून घेऊन, तुम्ही छापली तर ते अंक रद्दीत जाणार नाहीत. घरोघरी जमिनीच्या कागदांबरोबर जपून ठेवले जातील.

विलंब मात्र करू नका. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात सामील झाले. त्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास गेलेली विशीतली सून आज सत्तरी ओलांडून गेली आहे. त्या वर्षी कोणत्या गावाजवळ कोणता तलाव खोदला गेला, सुकडी कोठे वाटली जात असे, कोणत्या विहिरीला अखेरपर्यंत पाणी राहिले, हे तिला ठाऊक आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याला टँकरकडे डोळे लावून बसावे लागले. तेव्हा त्या विहिरींची आठवण किती उपयोगी पडली असती! ही माहिती कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही. ती ज्यांच्यापाशी आहे, त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावे, विचारावे आणि लिहून घ्यावे. एका अंकात एकच माणूस, एवढे केले तरी दहा अंकांत दहा माणसांच्या आठवणी वाचतील.

त्याचप्रमाणे काही नोंदी अगदी साध्या, पण सतत ठेवण्याच्या असतात. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस लिहावा आणि दर अंकात महिन्याची बेरीज द्यावी. ठरलेल्या तीन विहिरींची पाणीपातळी उन्हाळ्यात मोजावी. आजूबाजूच्या गावांतील ग्रामसभांचे ठराव सोप्या भाषेत द्यावेत आणि वर्षानंतर त्यांचे पुढे काय झाले तेही द्यावे. पहिल्या अंकात हे कोष्टक रूक्ष वाटेल. दहाव्या वर्षी मात्र पाण्याचे नियोजन करणारा अधिकारी तेच कोष्टक मागावयास तुमच्याकडे येईल.

खेड्यातून हे होईल काय?

अशी शंका घेणाऱ्यांनी नेवासे तालुक्यातील तरवडीचे उदाहरण लक्षात घ्यावे. मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' सुरू केले. सत्यशोधक विचारांचे हे पत्र त्यांनी तरवडीसारख्या खेड्यातून चालविले, आणि तेही १९६७ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ. शेतकऱ्यांचे प्रश्न त्यांना दौरा काढून समजून घ्यावे लागत नव्हते. दारातून बाहेर पडले की प्रश्न समोरच उभे असत. खेड्यात राहणे ही त्यांच्या पत्राची अडचण नव्हती, ते त्याचे भांडवल होते.

आपल्या मराठवाड्याचाही वारसा लहान नाही. निजामी राजवटीत मराठी पत्र चालविणे हे धाडसाचे काम होते. हैदराबादेत लक्ष्मणराव फाटक यांनी 'निजाम विजय' चालविले. १९३८ मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' सुरू केले. त्यावर बंदी येई, तेव्हा निराळे नाव घेऊन अंक काढला जाई. नाव बदलले तरी वाचकाला आपले पत्र ओळखू येत असे. आज तशी बंदी नाही आणि छपाईही सुलभ झाली आहे. त्यामुळे आपली जबाबदारी कमी होत नाही, वाढते.

चूक, पत्र आणि मोजमाप

आता काही लहान वाटणाऱ्या, परंतु महत्त्वाच्या बाबी सांगतो. गावातील मासिकात छापलेली चूक गावातच राहते. शहरातील पत्रात नाव चुकले तर कोणी पाहत नाही. येथे ज्याचे नाव चुकले तो उद्या चहाच्या टपरीवर भेटणार असतो. म्हणून प्रत्येक नाव त्या माणसाला दाखवून मगच छापावे. ऐकीव गोष्ट दोन ठिकाणी पडताळावी. इतके करूनही चूक झाली, तर पुढील अंकात ठळक जागी ती दुरुस्त करावी. चूक कबूल करणाऱ्या मासिकाच्या उरलेल्या मजकुरावर वाचक अधिक विश्वास ठेवतो.

यशाचे मोजमापही निराळे असावे. किती प्रती गेल्या, हा आकडा फसवा असतो. संकोचाने घेतलेली प्रत न वाचताच फळीवर जाते. त्यापेक्षा किती पत्रे आली, किती जणांनी "तुम्ही लिहिले ते तसे नव्हते, असे होते" म्हणून रस्त्यात गाठले, कोणता मजकूर कापून ठेवला गेला, हे मोजावे. तक्रार करणारा वाचक हा उद्याचा लेखक असतो. त्याच्याशी वाद न घालता त्याच्या हाती कागद द्यावा.

आणि वर्षाच्या शेवटी सूची करावी. बारा अंकांत काय आले, कोठे आले, याचे एक पान. जुने अंक बांधून वाचनालयात ठेवावेत. सूची नसलेले जुने अंक रद्दीच्या वाटेवर असतात. सूची झाली की त्यांचा संदर्भग्रंथ होतो.

पैसा, कायदा आणि शेवट

पैशाविषयी थोडक्यात सांगतो. मासिकावर घर चालवू नये. घर चालविणारा धंदा वेगळा असावा. वर्षभराचे अंक देण्याची खात्री झाल्याशिवाय वर्षाची वर्गणी घेऊ नये. ज्याच्याविषयी उद्या स्पष्ट लिहावे लागेल, त्याची मोठी जाहिरात आज स्वीकारू नये. एखाद्या चालू कामाला जोडून मासिक निघाले तर ते अधिक टिकते. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक शं. वा. किर्लोस्करांनी काढले. त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक नावारूपास आले आणि 'स्त्री' व 'मनोहर' ही त्याची भावंडे निघाली. आपले वाचनालय, शाळा किंवा शेतकरी गट यांच्या कामाला जोडून आपणही आरंभ करू शकता.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ हा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला आहे. सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरील भाष्य देणारे नियतकालिक छापून प्रसिद्ध करावयाचे असेल, तर त्याची नोंदणी ऑनलाइन करता येते. हे काम पहिल्या अंकापूर्वीच उरकावे. प्रकाशक, मुद्रक व संपादक यांची नावे अंकावर स्वच्छ छापावीत. ज्याला आपले नाव छापण्याचा संकोच वाटतो, त्याने तो मजकूर मुळातच लिहू नये.

शेवटी एक न बोलली जाणारी गोष्ट. प्रत्येक मासिक कधी तरी थांबते. 'दर्पण' १८४० मध्ये थांबले. राजर्षी शाहू महाराजांच्या २५०० रुपयांच्या साहाय्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेले 'मूकनायक' १९२३ मध्ये बंद पडले. पण ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले, १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. पत्र थांबले, कार्य थांबले नाही. म्हणून थांबण्याची लाज बाळगू नका. न सांगता थांबण्याची मात्र बाळगा. थांबावयाचे झाले तर एक अखेरचा अंक काढावा, त्यात वाचकांचे आभार मानावेत, सूची द्यावी, उरलेली वर्गणी परत करावी आणि जुने अंक कोठे पाहावयास मिळतील ते लिहावे. आम्ही हे केले असते, तर त्या निवृत्त गुरुजींपुढे मला मान खाली घालावी लागली नसती.

मित्रहो, पहिल्या अंकाचा समारंभ साधा करा. व्यासपीठ, हार, भाषणे यांची घाई नको. दहावा अंक ठरलेल्या दिवशी निघाला की मला एक पोस्टकार्ड पाठवा. मी आपल्या खर्चाने येईन आणि श्रोत्यांत बसून त्या दिवशी आपल्यापैकी एखाद्याचे भाषण ऐकेन.